आकडा चारचा, वाद चाळीस वर्षांचा

प्रोस्टेटचा कर्करोग रक्तातून ओळखण्याची खटपट पीएसए (प्रोस्टेट-स्पेसिफिक अँटिजेन) चाचणीच्या कितीतरी आधी सुरू झाली. 1938 साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी दाखवून दिलं, की हा रोग हाडांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात ॲसिड फॉस्फटेज हे विकर वाढतं. पुढे 1941 मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी अशा रुग्णांची वृषणं काढली किंवा त्यांना इस्ट्रोजेन दिलं. विकराचं प्रमाण घसरलं आणि अनेकांच्या हाडांतल्या वेदना कमी झाल्या. उपचार लागू पडतोय की नाही, हे रक्त सांगू लागलं. हगिन्स यांना 1966 मध्ये नोबेल मिळालं.

पण हे विकर बहुधा रोग पसरल्यावरच वाढे. तोवर उशीर झालेला असे.

1979 मध्ये बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत मिंग चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोस्टेटमधलं एक प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. तेच पीएसए. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम, त्यामुळे निरोगी प्रोस्टेट ग्रंथीही ते बनवते. वयोमानानुसार ग्रंथी वाढली किंवा तिला संसर्ग झाला, तरी रक्तातलं पीएसए चढतं. मात्र शस्त्रक्रियेने ग्रंथी पूर्ण काढल्यावर ते जवळजवळ शून्यावर यायला हवं. नंतर पुन्हा वाढू लागलं, तर रोग उलटल्याचा इशारा लक्षणांच्या कितीतरी आधी मिळतो. याच देखरेखीसाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 1986 मध्ये चाचणीला मान्यता दिली.

1991 मध्ये सेंट लुइसच्या विल्यम कॅटलोना यांनी पन्नाशी ओलांडलेल्या 1,653 पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली आणि चाचणीची भूमिका बदलली. 1994 मध्ये रोग हुडकण्यासाठीही तिला परवानगी मिळाली. मिलिलिटरला चार नॅनोग्रॅम ही सीमारेषा रूढ झाली.

ही रेषा फार काळ भक्कम राहिली नाही. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात पीएसए चार किंवा त्याहून कमी असलेल्या सुमारे 15 टक्के पुरुषांच्या बायोप्सीत कर्करोग सापडला. उलट बाजूने, आयुष्यभर त्रास न देणाऱ्या संथ गाठीही उजेडात येत होत्या. त्यांच्यावरच्या शस्त्रक्रियेने आणि किरणोपचाराने अनेकांचं लघवीवरचं नियंत्रण गेलं, लैंगिक क्षमता गेली. 2009 च्या युरोपीय अभ्यासाने दोन्ही बाजू एकत्र मांडल्या : तपासणीमुळे या रोगाचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले, पण एक मृत्यू टाळण्यासाठी 48 जादा पुरुषांवर उपचार करावे लागले.

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने 2012 मध्ये सरसकट तपासणी नकोच म्हटलं. 2018 मध्ये त्याच कार्यदलाने 55 ते 69 वयोगटातल्या पुरुषांनी डॉक्टरांशी फायद्यातोट्याची चर्चा करून स्वतः ठरवावं, असं सुचवलं. आज आकडा वाढलेला दिसला, की अनेक ठिकाणी बायोप्सीआधी एमआरआय करतात. गाठ कमी धोक्याची निघाली तर बऱ्याच रुग्णांवर लगेच शस्त्रक्रिया होत नाही. त्यांना देखरेखीखाली ठेवून दर काही महिन्यांनी पीएसए मोजतात, आणि गाठ बळावल्याची चिन्हं दिसली तरच उपचार सुरू करतात.