तळटीप १४ : सट्टेदार

१४. सट्टेदार : भंडाऱ्यासह जुन्या मध्य प्रांतातील विडी उद्योगातला मध्यस्थ. कारखानदाराकडून तेंदूपाने व तंबाखू घेऊन तो मजुरांकडून विड्या वळवून घेई. १९५८ मध्ये चिंतामण राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदाराला स्वतंत्र कंत्राटदार ठरवले. त्यामुळे त्याचे मजूर कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. घरच्या ओसरीवरच्या कामाला कारखान्याचे नियम कसे लावणार, असा युक्तिवाद या निकालाच्या बाजूने करता येईल. पण कच्चा माल कारखान्याचा आणि वळलेली विडी नाकारण्याचा अधिकारही त्याचाच. मग जबाबदारी तेवढी मध्यस्थाची, हे न्याय्य नव्हते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला.