वाकडे पाऊल आणि लांबची वाट

विधवेला दिवस गेले की तिचे ‘वाकडे पाऊल पडले’ असे म्हणण्याची रीत मराठीत जुनी आहे. पाऊल वाकडे की सरळ, याची चर्चा आपल्या समाजाने पुष्कळ केली. ते पाऊल टाकल्यावर सुटकेसाठी त्या स्त्रीला किती लांब चालत जावे लागले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. तो विचारल्यावाचून आपल्याकडील गर्भपाताचा इतिहास पुरा होत नाही, असे आम्हांला वाटते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज अन्य कारणासाठी केलेला गर्भपात गुन्हा ठरवला. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्यात गुन्हेगारच. विधवेपुढे उरत असे ते गावातल्या कोणाचे तरी जहाल औषध, विहीर, किंवा चोरून बाळंत होऊन मूल मारणे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते या पार्श्वभूमीवर. तेथे गर्भपात होत नसे. गुप्तपणे बाळंत होण्याची सोय होती. परंतु अडलेल्या स्त्रीला जाता येईल असा एक पत्ता त्यामुळे निर्माण झाला. भिंतींवर जाहिराती लागल्या. अर्थात त्या पुण्याच्या भिंतींवर. पुढे १८७५ साली पंढरपुरातही असे गृह निघाले. यात्रेचे निमित्त सांगून गाव सोडता यावे, असे ते ठिकाण होते.

पुणे-पंढरपूरपासून दूर असलेल्या स्त्रीचे काय झाले, याचे उत्तर १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात मिळाले. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे काळ्या पाण्यावर आली. सुरत आणि पुणे एकाच मुंबई इलाख्यात होते, कायदाही एकच होता. या प्रकरणावरील वृत्तपत्री चर्चेने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. १८८२ साली ती पुण्यात छापली गेली. ग्रंथाची चर्चा आपण स्त्रीवादी विचाराच्या अंगाने करतो, ते योग्यच आहे. पण बुलढाण्याच्या लेखिकेने सुरतेच्या स्त्रीसाठी पुण्याच्या छापखान्यातून बोलावे, या भूगोलाकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे असे आम्ही सुचवू.

दंड संहितेतील ही तरतूद शतकाहून अधिक काळ टिकली. १९६४ साली शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने समिती नेमली आणि तिच्या शिफारशींतून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. त्या काळाच्या मानाने तो उदार होता. पण त्याची रचना बारकाईने पाहावी. मूळ गुन्हा रद्द झाला नाही. ठरावीक अटींवर डॉक्टरला त्यातून सूट मिळाली. गर्भपात कोणी करावा याबरोबर कोठे करावा हेही कायद्याने लिहिले: सरकारी रुग्णालयात किंवा सरकारमान्य जागी. ‘जागा’ ही अशी कायद्याचीच अट झाली. जेथे मान्य जागा नाही आणि प्रशिक्षित डॉक्टर नाही, तेथे कायदा असून नसल्यासारखा.

याहून सूक्ष्म गोष्ट काळाची आहे. कायदा आठवडे मोजतो. मूळ कायद्यात बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरे होते, त्यापुढे वीसपर्यंत दोघांचे. शहरातल्या बाईला हे आठवडे पुरतात. भामरागडसारख्या ठिकाणची बाई आधी दिवस गेल्याची खात्री करणार, मग मजुरी बुडवून सोबत शोधणार, मग बसभाडे जमवणार. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होत आला आहे. अशा रीतीने अंतराचे आठवडे होतात आणि आठवडे वाढले की अधिक मोठे, म्हणजे अधिक दूरचे, रुग्णालय गाठावे लागते. अंतर अंतराला जन्म देते.

२००२ च्या दुरुस्तीने जागेला मान्यता देण्याचे काम जिल्हा पातळीवर आणले. त्याच सुमारास गर्भपाताच्या गोळ्या आल्या. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यांतील ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. दवाखान्यात झालेले केवळ २२ टक्के. गोळीने वाट जवळ केली हे खरे. रक्तस्राव थांबेना तर विचारायचे कोणाला, हा प्रश्न मात्र पूर्वीइतकाच दूर राहिला. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवडे केली आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही ती लागू असल्याचे सांगितले. मूळ गुन्हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात आजही उभा आहे.

दीडशेहून अधिक वर्षांत दारे वाढली, यात शंका नाही. फुल्यांनी तर आपल्या घराचेच दार उघडले होते, आणि त्यांचे मोठेपण त्यातच आहे. परंतु दारापर्यंतची वाट त्या बाईची तिनेच पाहावी, हे आपण अजून गृहीत धरतो. विजयालक्ष्मीचा निवाडा करताना तिच्या पावलाचा विचार झाला. तिच्या गावापासून त्या दारापर्यंत कोस किती होते, हे कोणी मोजले नाही. ते मोजणे हेही इतिहासाचेच काम आहे.