आचोळ्याच्या घड्याळात पहाटेचे ४.५७

प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या साइटचा डेटाबेस ३१ जानेवारी २०१७ला पुसला गेला. कंपनीने स्वतःच जाहीर केलेला घटनाक्रम ग्रीनिचच्या वेळेत आहे. मी तो साडेपाच तास पुढे ढकलून नालासोपाऱ्यातल्या आचोळ्याच्या घड्याळाला लावला. परक्या घड्याळातली चूक परक्याचीच वाटत राहते.

मंगळवार, रात्री १०.५०
एका चाचणीसाठी एक अभियंता प्रॉडक्शन डेटाबेसचा स्नॅपशॉट हाताने काढतो आणि स्टेजिंग, म्हणजे चाचणीच्या, सर्व्हरवर चढवतो. एरवी असा स्नॅपशॉट चोवीस तासांतून एकदाच निघायचा. नालासोपाऱ्याला गाड्यांतून माणसं अजून उतरतच आहेत.

१२.३०
डेटाबेसवर भार वाढतो. संशय स्पॅमवाल्यांवर. नंतर कळलं, की थोडा भार घरचाच होता: गैरवापराच्या तक्रारीवरून कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं चुकून काढून टाकलं जात होतं.

पहाटे ४.३०
दुय्यम सर्व्हर मागे पडतो. मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल 'वॉल' नावाच्या नोंदवहीत लिहितो, दुय्यम ती वाचत मागोमाग येतो. इथे दुय्यमने वाचायच्या आतच मुख्य सर्व्हरने जुनी पानं टाकून दिली, आणि ती जपून ठेवायची सोय केलेली नव्हती. आता दुय्यमची डिरेक्टरी रिकामी करून सगळी प्रत नव्याने आणायची. अभियंत्याकडे रात्र बरीच झालेली. तो काम आटोपून उठणारच होता, यासाठी थांबला.

प्रत आणणारी 'पीजी बेसबॅकअप' ही कमांड आधी प्रत पाठवणारी कनेक्शन अपुरी म्हणून कुरकुरते. सेटिंग वाढवलं, तर पोस्टग्रेस, म्हणजे डेटाबेसचा प्रोग्रॅम, सुरू व्हायलाच तयार नाही. एकूण कमाल जोडण्या ८००० वरून २००० वर आणाव्या लागल्या. मग कमांड चालते, आणि गप्प बसते. ना चूक, ना प्रगती. खरं तर ती मुख्य सर्व्हरच्या चेकपॉइंटची, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरायची, वाट पाहत होती, सगळं ठीक होतं. पण तसं सांगणारी एक ओळही पडद्यावर नव्हती.

४.५७
आधीच्या प्रयत्नांतल्या फायली आड येत असतील, असं त्याला वाटतं. तो डिरेक्टरी उडवतो. उडवायची होती डीबी-दोनवरची. टर्मिनलची खिडकी डीबी-एकची, म्हणजे मुख्य सर्व्हरची. एक-दोन सेकंदांत लक्षात येतं, तो कमांड थांबवतो. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलेले. आचोळे रोडवर या वेळी लोक स्टेशनला जायला रिक्षा शोधत असतात.

त्यानंतर
बॅकअप शोधायला गेले तर रोजच्या डंपची (पूर्ण प्रतींची) जागा रिकामी. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, डंप काढणारा प्रोग्रॅम मात्र ९.२चा, तो रोज चूक देऊन बंद पडायचा. चूक कळवणारे ईमेल सुटायचे, पण त्यांवर डीमार्क या ईमेल-पडताळणीला चालेल अशी सही नसल्याने ते वाटेतच नाकारले जायचे. अझुर या क्लाउडवरचे डिस्क स्नॅपशॉट फायलींच्या सर्व्हरसाठी चालू, डेटाबेसच्या सर्व्हरसाठी नाहीत. पाच उपायांपैकी एकही धड चालत नव्हता, हे कंपनीनेच लिहिलं. हाती राहिला १०.५०चा स्नॅपशॉट. निव्वळ नशीब.

चुकीची खिडकी माझ्याही हातून उघडली जाईल, त्या माणसावर मी रागावत नाही. मला राग येतो त्या नाकारलेल्या ईमेलांचा. म्हणून मी दर शनिवारी फुटकळ मशीनवर बॅकअप खरोखर रिस्टोअर करून ओळी मोजतो. प्रॉडक्शनची खिडकी लाल ठेवतो, हे जुनंच.

बुधवार, दिवसभर
स्टेजिंगच्या डिस्क मंद, त्यामुळे प्रत उतरायला सुमारे अठरा तास. इकडे तेव्हाचे अर्थमंत्री जेटली यांचा अर्थसंकल्प चाललेला, अनेक दशकांत वेगळा रेल्वे अर्थसंकल्प नसलेला पहिलाच. तिकडे गिटलॅबने कामाच्या टिपणांचा कागद सगळ्यांना खुला केला आणि दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. एका वेळी पाचेक हजार लोक पाहत होते. फाइल कॉपी होताना बघायला इतकी गर्दी!

रात्री ११.४४
साइट परत. कोडच्या रिपॉझिटरी शाबूत. सुमारे पाच हजार प्रोजेक्ट, तितक्याच कॉमेंट्स आणि सातशे खाती मात्र या फटक्यात सापडली.

ऑक्टोबर २०१७मध्ये पोस्टग्रेस १० आलं. त्यात पीजी बेसबॅकअपला सविस्तर बोलायला सांगितलं, की ते आता एक ओळ छापतं: चेकपॉइंट पूर्ण होण्याची वाट पाहत आहे.