हदगावची बोली आणि मुक्त ध्वनिचित्रसाधने

ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या कक्षेत निजामाचे हैदराबाद संस्थान नव्हते, या गोष्टीचा मराठीच्या अभ्यासकांस पुष्कळदा विसर पडतो. पैनगंगेच्या उत्तरेचा उमरखेडकडील मुलूख इंग्रजी अंमलाखालील वऱ्हाडात होता. १९०५ च्या सातव्या खंडात वऱ्हाडीचे नमुने आले. दक्षिण तीरावरील हदगाव तालुका संस्थानी हद्दीत असल्यामुळे त्या पाहणीबाहेर राहिला. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तरी ही उणीव आपोआप भरून निघण्यासारखी नव्हती. ध्वनिमुद्रणाची व विश्लेषणाची यंत्रे महाग असत आणि ती मोठ्या शहरांतील संस्थांपाशीच असत.

ही स्थिती पालटली ती मुक्त सॉफ्टवेअरमुळे. ज्याची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता व वाटता येते, ते मुक्त सॉफ्टवेअर होय. पॅरिसच्या एकोल सेंत्राल येथील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये वसतिगृहाच्या जाळ्यावरून दूरचित्रवाणी पाहण्यासाठी जो उद्योग आरंभिला, त्यातून व्हीएलसी निर्माण झाले. २००१ मध्ये ते जीपीएल परवान्याखाली खुले झाले. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅनेनबर्ग यांनी सुरू केलेले ऑडॅसिटी २००० मध्ये प्रसिद्ध झाले. बोर्स्मा व वेनिंक यांचे ‘प्राट’ अ‍ॅमस्टरडॅमचे, तर चित्रफितीवर ओळीओळीने टिपणे जोडणारे ‘एलान’ नायमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेचे. यांपैकी एकासही मूल्य पडत नाही.

तथापि मूल्य हा येथे गौण मुद्दा होय. ‘जरा’ हा शब्द ‘थोडे’ या अर्थी दंत्य ‘ज’ने, तर ‘वार्धक्य’ या अर्थी तालव्य ‘ज’ने उच्चारला जातो, देवनागरी हा भेद दाखवीत नाही. तो ध्वनिमुद्रणातच शोधावा लागतो, आणि तोही मुख्यतः घर्षणाच्या उच्च कंप्रतांत. एमपी३ पद्धतीत कानास अनावश्यक मानलेला अंश गाळला जातो. अशा मुद्रणावरून घेतलेली घर्षणाची मापे संशयास्पद ठरतात. २००१ मध्ये आलेल्या फ्लॅक पद्धतीत काहीही गळत नाही, आणि तिची घडण कोणाच्या मालकीची नाही. (भ्रमणध्वनीच्या संदेशांतून गोळा केलेली सामग्री प्रबंधास जोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

संहिता खुली असण्याचे महत्त्व भारतात २०२२ साली प्रत्ययास आले. त्या वर्षी फेब्रुवारीपासून व्हीएलसीचे अधिकृत संकेतस्थळ येथे अडविले गेले. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा उघडले. मधल्या काळातही संगणकांवरील जुन्या प्रती चालतच होत्या, आणि परवान्यानुसार एका प्रतीवरून दुसरी करून देण्यास कोणाची अनुमती लागत नव्हती.

एलानची टिपणे साध्या मजकुराच्या रूपात साठविली जातात. उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडले तरी ती वाचता येतील. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन सामग्री सर्वांस खुली केली आहे. हदगावच्या विद्यार्थ्यास आपल्या आजीचे बोलणे त्याच सामग्रीशेजारी ठेवून, पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडीशी घरच्या संगणकावर ताडून पाहता येईल.