हेक्टरचा बाप आणि विश्वासरावांचा बाप

पाचोडहून बोलतोय. मधेच ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. मोसंबीचा सीझन आहे आणि आपला स्टुडिओ म्हणजे घरातली वरची खोली, खिडकीला गोधडी टांगलेली.

बऱ्याच जणांचे मेसेज होते की ग्रीक वीरांवर एक भाग कर. अकिलीस, हेक्टर, ट्रॉय, तो लाकडी घोडा. करू. पण आधीच सांगतो, आज घोडा येणार नाही. कारण होमरच्या ‘इलियड’मध्ये तो नाहीच. अकिलीसच्या टाचेची गोष्ट पण नाही. ट्रॉय पडत नाही, अकिलीस मरत नाही. जवळजवळ सोळा हजार ओळींचं हे काव्य आहे, चोवीस सर्गांचं, साधारण २७०० वर्षांपूर्वीचं. युद्ध दहा वर्षांचं, आणि होमर त्यातले शेवटच्या वर्षातले काही आठवडेच सांगतो. आपण सिनेमात बघितलेलं निम्मं मागाहून दुसऱ्यांनी जोडलेलं आहे.

मग इलियड संपतं कुठं? एका अंत्यविधीवर. तोही शत्रूच्या.

गोष्ट थोडक्यात अशी. अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस, त्याला ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर मारतो. अकिलीस पेटून उठतो. लढाईच्या आधी हेक्टर त्याला म्हणतो, आपण एक करार करू, जो जिंकेल त्यानं दुसऱ्याचा देह त्याच्या माणसांना द्यायचा. अकिलीस म्हणतो, सिंह आणि माणूस यांच्यात कसला आलाय करार? तो हेक्टरला मारतो, त्याच्या पायांना वाद्या बांधतो, रथाला जोडतो आणि फरफटत नेतो. वर तटावरून हेक्टरचे आईबाप बघतायत.

पुढचे कित्येक दिवस तो देह अकिलीसच्या छावणीत मातीत पडून आहे. आणि मग एका रात्री म्हातारा राजा प्रायम, हेक्टरचा बाप, एक खेचरांची गाडी घेऊन शत्रूच्या छावणीत जातो. फौज नाही, सोबत एक म्हातारा नोकर. देव वाट दाखवतात म्हणून पहारेकऱ्यांच्या हाती लागत नाही. तो थेट अकिलीसच्या तंबूत शिरतो, त्याचे गुडघे धरतो आणि त्याच्या हातांचं चुंबन घेतो. ज्या हातांनी त्याची मुलं मारली, तेच हात. म्हणतो, तुझ्या बापाची आठवण कर. तोही माझ्याच वयाचा असेल.

आणि अकिलीस रडायला लागतो. दोघंही रडतात. एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. नंतर दोघं जेवतात.

ह्यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. अकिलीस दासींना सांगतो, देह धुवा, पण म्हाताऱ्याच्या नजरेआड. का? तर मुलाची ती दशा बघून बापाचा तोल गेला, तो काही बोलला, तर माझाही राग अनावर होईल आणि मी त्याला मारून बसेन. माणूस स्वतःला ओळखून आहे! मग तो देह स्वतः उचलून ठेवतो आणि विचारतो, क्रियाकर्माला किती दिवस पाहिजेत? अकरा दिवस लढाई थांबते. बायका रडतात, चिता पेटते, आणि काव्य संपतं.

आता तुम्ही म्हणाल, ह्याचा पाचोडशी काय संबंध? आहे. थांबा.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात दिओन ख्रिसोस्तोम नावाचा एक ग्रीक वक्ता होऊन गेला. त्यानं सांगून ठेवलंय की हिंदुस्थानातले लोकसुद्धा होमर गातात, आपल्या भाषेत करून गातात, आणि प्रायमचं दुःख त्यांना ठाऊक आहे. अभ्यासकांना वाटतं की कुणा व्यापाऱ्यानं इकडं महाभारत ऐकलं असावं. युद्ध, मेलेली मुलं, आंधळा म्हातारा बाप, रणांगणावर रडणाऱ्या बायका. त्याला वाटलं, अरे, हे तर आपलंच!

त्याच शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या खलाशानं ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रप्रवासाची माहितीवही लिहिली. त्यात पैठण आहे. भरूचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून गाड्यांवर लादून किमती दगड भरूचला येतात, असं तो लिहितो. पैठण म्हणजे आमचा तालुका. म्हणजे ट्रॉयच्या गोष्टी ज्यांच्या तोंडी होत्या, त्यांना आमच्या तालुक्याचं नाव ठाऊक होतं. मला ह्याचा उगाचच अभिमान आहे, बरं का.

आता तिथून सतराशे वर्षं पुढं या, पण पैठणातच थांबा. डिसेंबर १७६०. पैठणात लग्न आहे, आणि नवरदेव आहेत नानासाहेब पेशवे. दुसरं लग्न, पैठणच्याच सावकाराची मुलगी. आणि त्याच वेळी त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव, वय वर्षं अठरा, आणि चुलतभाऊ सदाशिवराव भाऊ, वय तीस, शेकडो कोस उत्तरेला पानिपतात अडकलेत. रसद तुटलीय, माणसं-जनावरं उपाशी. ही फौज निघाली होती मार्चमध्ये परतूरहून. परतूर म्हणजे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातलं. तिथंच नानासाहेबांनी पोराला निरोप दिला होता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १४ जानेवारी १७६१. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ गर्दीत घुसले ते परत दिसले नाहीत. आपल्याकडं आजही कुणी म्हणालं, “विश्वास ठेव”, की समोरचा म्हणतो, विश्वास तर पानिपतात गेला. हसून म्हणतो आपण. पण तो अठरा वर्षांचा पोरगा होता हो.

शाळेत मला पानिपत आलं ते पाच मार्कांना. “पराभवाची कारणे लिहा.” कारणं मी पाठ केली, लिहिली, मार्कही पडले. पण संध्याकाळी लढाई संपल्यावर त्या देहांचं काय झालं, हे ना कुणी शिकवलं, ना मी विचारलं.

हे सांगितलंय काशीराज पंडितानं. हा मूळचा दक्षिणी ब्राह्मण, पण नोकरीला अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्याकडं, म्हणजे अब्दालीच्या बाजूला. लढाईच्या वेळी तो तिथं हजर होता. १७८० च्या सुमारास त्यानं सगळं फारसीत लिहून काढलं. त्याची प्रत्येक ओळ खरी धरा असं मी म्हणत नाही, आपल्या धन्याला तो चांगलं दाखवणारच. पण तो काय सांगतो ते ऐका.

विश्वासरावांचा देह अब्दालीच्या छावणीत आणला. पोरगा इतका देखणा, की बघायला गर्दी झाली. अफगाण शिपाई अडून बसले, हा काफरांचा राजा आहे, ह्याला वाळवून, पेंढा भरून आम्ही काबूलला नेणार.

तेव्हा शुजाउद्दौला मधे पडला. त्यानं अब्दालीला सांगितलं, वैर मरेपर्यंत. जिंकल्यावर शत्रूचा देह त्याच्या धर्माप्रमाणं सोपवायचा, ही ह्या मुलखाची रीत आहे. अब्दालीनं शेवटी ऐकलं. देह मिळाला आणि शुजाच्या पदरच्या हिंदू माणसांनी अग्नी दिला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोबाईल खाली ठेवला. कारण हा तोच तंबू आहे. फक्त ह्यात म्हातारा बाप नाही. प्रायमच्या जागी मागणी घालायला उभा राहिला तो जिंकलेल्या बाजूचाच एक माणूस. आणि बाप? बापाला अजून पत्ताच नव्हता. नानासाहेब उत्तरेकडं निघाले होते, भेलशापाशी एका सावकाराचं पत्र हाती लागलं. त्यात सांकेतिक भाषेत हिशोब लिहिलेला, दोन मोती गेल्याचा आणि मोजता न येणाऱ्या खुर्द्याचा. ते दोन मोती म्हणजे कोण, हे त्यांना कुणी फोड करून सांगावं लागलं नाही. जूनमध्ये, पुण्यात पर्वतीवर ते वारले. पाच महिने काढले फक्त.

भाऊंची गोष्ट अजून अवघड. एक देह सापडला, त्याला शिर नव्हतं. ओळखीच्या माणसांनी अंगावरच्या खुणा बघितल्या, पाठीवर जुन्या मारेकऱ्याच्या वाराचा व्रण होता, त्यावरून हेच भाऊ असं ठरवलं. शिर नंतर एका दुराणी शिपायाकडं मिळालं, त्यालाही अग्नी दिला, असं काशीराज सांगतो. पण हे सगळं पुण्यापासून कुठल्या कुठं. पुण्यानं काहीच बघितलं नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतातून जिवंत परत आल्या, आणि नवरा गेला हे त्यांनी कधी मानलं नाही. विधवेचा वेश घेतला नाही.

आणि मग तो तोतया आला. सुखलाल नावाचा उत्तरेकडचा माणूस. “मीच भाऊ” म्हणाला. आज आपल्याला वाटतं, लोक इतके भोळे कसे? पण त्याच्यामागं फौज उभी राहिली, किल्ले त्याच्याकडं गेले. १७७६ साली त्याला मारलं तेव्हा कुठं प्रकरण मिटलं. लढाईला पंधरा वर्षं झाली होती.

मी त्या लोकांना भोळं म्हणत नाही, त्याला कारण आहे. २०२१ च्या मे महिन्यात माझे मोठे काका शहरात एका दवाखान्यात गेले, कोरोनानं. गावाला आणता आलं नाही. आम्ही दोघं लांब उभे होतो, आणि जे दिसलं ती एक बांधलेली पिशवी होती. काकू पाचोडलाच होत्या. त्यांना सगळं कळतं, कागद त्यांच्या कपाटात आहे. तरी महामार्गावर रात्री बस थांबल्याचा आवाज आला की त्या उठून बसतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “बाबा, मी तोंड नाही बघितलं ना रे.”

इलियडच्या शेवटी हेक्टरची आई, बायको, भावजय, तिघी त्याच्या देहाशेजारी उभ्या राहून एकेक करून बोलतात. आंद्रोमाखी, त्याची बायको, त्याचं डोकं हातात धरून बोलते. होमरनं लढायांची शेकडो वर्णनं केलीत, कुणाच्या कुठं भाला घुसला सगळं सांगितलंय, पण शेवटची जागा त्यानं ह्या तिघींना दिली. पार्वतीबाईंना, गोपिकाबाईंना ती जागा मिळाली नाही.

हा भाग काकूंना हेडफोन लावून ऐकवला. मधे एकदा थांबवायला सांगितलं, पाणी प्यायल्या, मग म्हणाल्या, “त्या म्हाताऱ्याला पोरगं दिलं का परत? मग लाव पुढं.”