घरगुती दिसतं म्हणजे इंडी असतं का?

पीएचडीच्या सिनॉप्सिससाठी 'इंडी पॉप म्युझिक व्हिडिओंची दृश्यशैली' हा विषय घ्यायचं तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात असेल, तर आधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारा: अभ्यासासाठी व्हिडिओ निवडणार कसे?

बहुतेक वेळा होतं असं. आपण यूट्यूबवर बसतो आणि 'इंडी वाटणारे' वीस-पंचवीस व्हिडिओ गोळा करतो. हातात धरलेला कॅमेरा, फिके रंग, घरातली नाहीतर अंगणातली जागा, रोजच्या कपड्यातला गायक, थोडा अवघडलेला नाच. मग त्या व्हिडिओंचं विश्लेषण करून निष्कर्ष लिहितो की इंडी पॉपमध्ये कॅमेरा हातात धरलेला असतो, रंग फिके असतात वगैरे वगैरे. म्हणजे ज्या खुणांवरून निवड केली, त्याच खुणा पुन्हा सापडल्या. मुलाखतीत कुणी विचारलं, "हे व्हिडिओ इंडी आहेत हे कशावरून?" तर "दिसतात तसे" एवढंच उत्तर उरतं. ते का पुरत नाही, हे इतिहासातूनच नीट कळतं.

थोडं मागे, ब्रिटनमध्ये जाऊ. जानेवारी 1980 मध्ये तिथे स्वतंत्र रेकॉर्ड्सचा वेगळा तक्ता सुरू झाला. त्यात यायची अट संगीताची नव्हती आणि दिसण्याची तर नव्हतीच. अट होती वितरणाची. रेकॉर्ड दुकानापर्यंत बड्या कंपन्यांच्या वितरण जाळ्याबाहेरून पोचली पाहिजे, बस्स.

आता गंमत बघा. 'द स्मिथ्स' हा बँड 'रफ ट्रेड' या छोट्या लेबलवर होता. 1986 मध्ये डेरेक जार्मन या दिग्दर्शकाने त्यांच्या तीन गाण्यांवर एक छोटी फिल्म केली, 'द क्वीन इज डेड'. तिचं चित्रीकरण सुपर 8 वर होतं. सुपर 8 म्हणजे कोडॅकने 1965 मध्ये आणलेली, हौशी लोकांनी घरातले समारंभ टिपायला वापरलेली स्वस्त फिल्म. चित्र दाणेदार, हलणारं. आज आपण ज्याला 'इंडी लुक' म्हणतो, त्याच्या अगदी जवळचं.

पण त्याच दशकाच्या शेवटी, त्याच तक्त्यात कायली मिनोगही होती! 'आय शुड बी सो लकी' हे गाणं 1988 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. व्हिडिओत चकचकीत प्रकाश, टबमधला फेस, कॅमेऱ्याकडे बघून हसणं. पण तिचं लेबल 'पीडब्ल्यूएल' बड्या कंपन्यांच्या वितरणाबाहेर होतं, म्हणून नियमाने ती इंडी. गिटारवाल्या बँडच्या चाहत्यांना हे खटकलं, आणि ते खटकणंच आपल्यासाठी महत्त्वाचा पुरावा आहे. लोकांच्या मनात 'इंडी' हा शब्द तोवर हिशेबाच्या वहीतून निघून कानात आणि डोळ्यात जाऊन बसला होता.

आता वीस वर्षं पुढे येऊ. 'ओके गो' या अमेरिकन बँडचा 2005 चा 'अ मिलियन वेज' आठवा. गायकाच्या घरामागचं अंगण, एकच शॉट, चार माणसांचा बसवलेला पण हौशी वाटणारा नाच. पुढच्या वर्षी 'हिअर इट गोज अगेन' आला: आठ ट्रेडमिल, चार माणसं, जागचा न हलणारा कॅमेरा आणि पुन्हा एकच शॉट. दिग्दर्शनात गायक डेमियन कुलाश याची बहीण ट्रिश सी होती. 2007 मध्ये याला ग्रॅमी मिळालं. दृश्यखुणांची यादी घेऊन बसलात, तर इथे बहुतेक खुणा सापडतील. पण बँड होता 'कॅपिटल'वर, म्हणजे ईएमआयकडे. तेव्हाच्या जगातल्या चार सर्वांत मोठ्या संगीत कंपन्यांपैकी एक!

मग हा लुक आला कुठून? निव्वळ पैशाच्या चणचणीतून आला असं म्हणता येत नाही. 2006 चं यूट्यूब म्हणजे छोटी, अस्पष्ट चौकट. त्यात भराभर कट मारलेला व्हिडिओ कळत नाही, स्थिर कॅमेरा कळतो. शिवाय कट नसला की बघणाऱ्याला खात्री पटते की यांनी हे खरंच केलंय. सुपर 8 चा दाणेदारपणा जसा त्या फिल्मच्या मर्यादेतून आला, तसा हा एकच शॉट नव्या पडद्याच्या मर्यादेला धरून वाढला. माध्यमाची मर्यादा आधी येते, संकेत नंतर बनतो. आणि एकदा संकेत बनला की तो कुणालाही वापरता येतो, बड्या कंपनीलासुद्धा.

त्या घरगुती दिसणाऱ्या व्हिडिओंचा मालक कोण, हे 2010 मध्ये उघड झालं. ईएमआयने बँडचे यूट्यूब व्हिडिओ इतर संकेतस्थळांवर लावायची सोय बंद केली. कुलाशने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सांगितलं की त्यामुळे ट्रेडमिलचा व्हिडिओ रोज बघणारे 90 टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी मार्चमध्ये बँड कंपनीतून बाहेर पडला. त्याच महिन्यात 'धिस टू शॅल पास'चा दुसरा व्हिडिओ आला: गोदामभर पसरलेली, एका वस्तूने दुसरीला धक्का देत चालणारी अजस्र यंत्रसाखळी. खर्चाला 'स्टेट फार्म' ही विमा कंपनी प्रायोजक. म्हणजे बँड खरोखर स्वतंत्र होत होता, नेमका तेव्हाच व्हिडिओ भव्य झाला.

फाइस्टचा 2007 चा '1234' याहून गुंतागुंतीचा. रंगीत कपडे, नर्तकांचा घोळका, एकच शॉट. हा अल्बम कॅनडात 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' या स्वतंत्र लेबलवर होता आणि अमेरिकेत 'इंटरस्कोप'च्या छत्राखाली. एकच व्हिडिओ एका देशात इंडी, शेजारच्या देशात नाही. पुढे अ‍ॅपलने त्याच व्हिडिओचा तुकडा आयपॉडच्या जाहिरातीत वापरला.

आपल्याकडे तर शब्दच फसवा आहे. नव्वदीतलं 'इंडिपॉप' म्हणजे इंडियन पॉप. 1995 चं अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' मॅग्नासाउंडने काढलं. केन घोषने दिग्दर्शित केलेला त्याचा व्हिडिओ झगमगीत होता, कुठल्याही अर्थाने घरगुती नव्हता. ते स्वतंत्र होतं सिनेमापासून, पैशापासून नव्हे. म्हणून 'इंडी' शब्द दिसला की पुढचा प्रश्न ठरलेला हवा: स्वतंत्र, पण कशापासून?

तुमच्या कामात हे उतरवायचं तर निवडीसाठी आणि विश्लेषणासाठी वेगवेगळ्या वह्या ठेवा. पहिल्या वहीत व्हिडिओ न बघता मिळणारी माहिती: लेबल कुणाचं, वितरण कुणाचं, पैसे कुणी दिले, पहिल्यांदा कुठे दाखवला. निवड इथूनच करा. दुसऱ्या वहीत जे पडद्यावर दिसतं ते. मग दोन्ही समोरासमोर ठेवा. जिथे त्या जुळत नाहीत, तिथे तुमचं प्रकरण आहे.

हा निव्वळ पद्धतीचा काटेकोरपणा नाही. फक्त दिसण्यावरून इतिहास लिहिला, तर स्वातंत्र्याचं श्रेय बड्या कंपनीला फुकट मिळतं, आणि ज्यांनी कुठल्याही कंपनीशिवाय स्वतःच्या बळावर नीटनेटका, चकचकीत व्हिडिओ केला, ते 'पुरेसे इंडी दिसत नाहीत' म्हणून तुमच्या यादीतून गळतात. यादी तुम्ही करताय. कोण गळलं हे तपासायचं कामही तुमचंच.