टाक्यांविना मिटलेली जखम

पायरीवरून पडून कपाळाला खोक पडलेले मूल दवाखान्यात आणले, की त्याला जखमेपेक्षा सुईचीच धास्ती अधिक असते. दोघांनी हातपाय धरायचे, तिसऱ्याने डोके आणि डॉक्टरांनी टाके घालायचे, हे दृश्य कोणाला अपरिचित आहे? असे डोके मीही धरलेले आहे. त्या सुईला पर्याय कसा सापडला, याचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही.

कल्पना तशी प्राचीन. फाटलेल्या आतड्याच्या कडा मोठ्या काळ्या मुंग्यांच्या चाव्याने जोडण्याचा विधी सुश्रुतसंहितेत आहे. आधुनिक पर्यायाचा उगम मात्र युद्धसामग्रीच्या संशोधनात झाला. १९४२ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर हे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीचा नेम धरण्याच्या साधनासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधीत होते. हाती आलेले सायनोॲक्रिलेट ज्याला त्याला चिकटे. म्हणून त्यांनी ते बाजूस सारले. १९५१ साली या दोषातच त्याचे मोल असल्याचे उमगले आणि १९५८ साली ते बाजारात आले. पुढे व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव थांबविण्यासाठी त्याचा फवाराही वापरला गेला. परंतु हे आरंभीचे द्रव्य शरीरातील ऊतींना दाहक ठरे. त्याच्या रेणूतील कार्बनची साखळी लांबविल्यावर दाह कमी झाला आणि ब्युटिल प्रकारचा चिकटद्रव युरोप व कॅनडातील डॉक्टर वापरू लागले.

तरी प्रश्न उरलाच: मुलाच्या चेहऱ्यावर आयुष्यभराचा व्रण राहिला तर? आईबापांची ही शंका रास्तच होती. कॅनडातील जेम्स क्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कसोटीला लावली. चेहऱ्यावर जखम झालेल्या ८१ मुलांपैकी कोणाला टाके आणि कोणाला चिकटद्रव, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी उचलावी तसे ठरविण्यात आले. तीन महिन्यांनी व्रणांची छायाचित्रे पाहून ती पारखणाऱ्या तज्ज्ञांना कोणती जखम कशी मिटविली हे ठाऊक नव्हते. १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: व्रण सारखेच, वेळ मात्र कमी आणि वेदनाही कमी. व्रणाबरोबर मुलाच्या वेदनेचीही नोंद ठेवली गेली, हे मला त्या चाचणीचे मोठेपण वाटते. मुलाचे रडणे ही मोजण्याजोगी गोष्ट आहे, असे आपण तरी कुठे मानीत होतो?

१९९८ साली अमेरिकेत ऑक्टिल प्रकारास मान्यता मिळाली. मर्यादाही स्पष्ट झाल्या. चिकटविलेली जखम पुन्हा उकलण्याचा संभव टाक्यांपेक्षा किंचित अधिक. सांध्यावरची, ताण पडणारी किंवा जनावराच्या चाव्याची जखम अशी मिटवीत नाहीत. डोळ्याजवळ थेंब ओघळला तर पापण्या चिकटतात. दुकानात मिळणारा घरगुती चिकटद्रव तर जखमेला मुळीच लावू नये. डॉक्टरसुद्धा तो जखमेत भरीत नाहीत. जखम धुऊन, कडा बोटांनी जुळवून, वरून त्याचा पातळ थर देतात. पाच ते दहा दिवसांत तो आपोआप गळून पडतो आणि टाके काढण्यासाठी मुलाला पुन्हा त्या टेबलावर निजावे लागत नाही.